एस.ओ.एस., एन.सी.ई. आणि ‘मह.’ : आज्याचा कागद वाचताना

नेवासा तालुक्यातल्या प्रवराकाठच्या एका गावातून दिवाळीनंतर एक फोन आला. पलीकडचा माणूस पन्नाशीचा, आवाजात घाई. “सर, आमच्या आज्याचं जहाज बुडालं होतं का हो? कागदावर एस.ओ.एस. लिहिलंय. एस.ओ.एस. म्हणजे मदतीची हाक ना?”

मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी हसल्याची लाजही वाटली. आज्याचा कागद ऐंशी वर्षं पत्र्याच्या पेटीत पडून होता. नातवानं तो बाहेर काढला, भिंग लावून वाचला आणि तीन अक्षरांचा अर्थ सिनेमात पाहिला होता तोच लावला. त्यात त्याची चूक ती काय? त्याला तो कागद कुणी वाचायला शिकवलाय?

तर वाचकहो, पलटणीच्या कागदावरचं एस.ओ.एस. म्हणजे ‘स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ’. अमुक तारखेपासून या जवानाचं नाव या तुकडीच्या हजेरीपटावरून कमी केलं, एवढाच त्याचा अर्थ. बदली झाली, दवाखान्यात गेला, घरी गेला, मेला, कारण काहीही असो, शब्द तोच. आणि त्याचा जोडीदार टी.ओ.एस., म्हणजे ‘टेकन ऑन स्ट्रेंथ’, नाव पटावर घेतलं. जिथं एस.ओ.एस. संपतं तिथून पुढच्या टी.ओ.एस.पर्यंत बोट फिरवत गेलात की तुमचा आजा कुठून कुठं गेला हे तारीखवार उलगडत जातं. जहाज बुडालं नव्हतं. आजा कामठीहून निघाला होता.

मी स्वतः पलटणीत एकवीस वर्षं कारकुनी केली. बंदूक कमी चालवली, लेखणी जास्त. म्हणून ही मोडीसारखी लिपी मला वाचता येते, आणि म्हणूनच अशा कागदांच्या पिशव्या माझ्याकडे येतात. नेवासा, शेवगाव, राहुरी, श्रीरामपूर, पाथर्डी. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण या सगळ्या कागदांवर ‘ए’नगर’ असं आखूड लिहिलेलं असतं आणि नेवासा लिहिताना इंग्रज ‘व्ही’ नव्हे, ‘डब्ल्यू’ वापरत. हे बारीक वाटेल, पण संगणकावर नाव शोधताना हाच ‘डब्ल्यू’ न टाकल्यामुळे किती तरी लोक ‘आमच्या गावाचं कुणीच नाही’ म्हणून उठून जातात.

मी त्या गावी गेलो. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर, खाली कोनाड्यात पत्र्याची पेटी. बाजेवर आजी, नव्वदी केव्हाच ओलांडलेली. पेटीतून तिनं स्वतः फडक्यात गुंडाळलेला जुडगा काढून दिला. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पे-बुक आणि सर्व्हिसचा दुमडलेला एक उतारा. घडीवर कागद चिरला होता.

“काय लिव्हलंय रं बाबा त्याच्यात? समद्यांनी बघितला, कुणी सांगंना.”

मी वाचायला बसलो. ‘सेप.’ म्हणजे सिपॉय, शिपाई. त्यापुढे ‘एल/एनके’ म्हणजे लान्स नाईक. १९४४ साली फीत मिळाली होती. तुकडी ‘२ महार’. ही दुसरी बटालियन १९४२ साली कामठीला उभी राहिली, बर्माच्या मोहिमेत गेली आणि युद्ध संपल्यावर इराकात. या शेवटच्या मुक्कामापुढे लिहिलं होतं ‘पैफोर्स’. घरच्यांनी त्याचा अर्थ पगाराचा काही तरी हिशेब असा लावला होता. ‘पे’ आणि ‘पै’, दोन्हीकडे पैसाच! प्रत्यक्षात पी.ए.आय. म्हणजे पर्शिया अँड इराक. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला पोरगा तैग्रीस नदीच्या मुलखात पहारा देत उभा होता, आणि घरात त्याची नोंद ‘पगाराचं काही तरी’ अशी राहिली.

मग ‘एम.टी.’ आलं, आणि या अक्षरांशी जपून राहावं लागतं. तुकडीच्या नावापुढे कंसात एम.टी. असेल तर मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट, म्हणजे आजा लॉरी चालवत होता. पण तीच अक्षरं दवाखान्याच्या रकान्यात असतील तर मॅलिग्नंट टर्शियन, म्हणजे जीवघेणा हिवताप. त्याचा सौम्य भाऊ बी.टी. या आज्याच्या कागदावर एम.टी. दोनदा होतं, दोन्ही वेळा आजाराच्या रकान्यात, आणि नातू मात्र गावभर सांगत होता की आजा मिलिटरीत ड्रायव्हर होता. बर्मात जपान्यांच्या गोळीपेक्षा डासानं जास्त माणसं आडवी केली. रकाना न बघता अक्षरं वाचली तर मरणातून वाचलेल्या माणसाच्या हाती आपण स्टेअरिंग देऊन मोकळे होतो. पी.यू.ओ. म्हणजे कारण न कळलेला ताप. जी.एस.डब्ल्यू. म्हणजे गोळी लागल्याची जखम. सी.सी.एस. म्हणजे आघाडीमागचा जखमींचा पहिला दवाखाना. आणि ‘एम. अँड डी.’ पाहून कुणी आजा डॉक्टर होता म्हणू नये. मेडिसिन अँड ड्यूटी. औषधाचा घोट पाजला आणि कामावर परत धाडला.

एक नोंद मात्र मी दोनदा वाचली. शिक्षणाच्या रकान्यात होतं: ‘३ क्लास, आर.यू.’ आर.यू. म्हणजे रोमन उर्दू. त्या काळी हिंदी पलटणींची लिखापढीची भाषा उर्दू, पण लिपी इंग्रजी अक्षरांची. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, जिथल्या पैसाच्या खांबाला लोक लांबून येऊन डोकं टेकतात, त्या परिसरातल्या आपल्या पोरांना शाळेच्या उंबऱ्यापाशी अडवलं जात होतं. त्यातला एक पोरगा छावणीत बसून परक्या लिपीत परकी भाषा वाचायला शिकला, परीक्षा पास झाला आणि तिची नोंद सरकारी कागदावर राहिली. आजी म्हणाली, “ते विंग्रजी आकडं, आक्षरं वाचायचे. पाटलाची तार आली तर पाटील त्यांनाच बोलवायचा. पर वट्याच्या खाली हुबं करून.”

लष्करानं आपल्याला काय दिलं, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आजोबा मालोजी लष्करात, आजोळचे मुरबाडकरही लष्करातले. पलटणीत मुलांना शिकवणं भाग होतं, म्हणून त्या घरात पुस्तक शिरलं. ही साखळी आपण भाषणात सांगतो. पण आपल्याच घरातल्या पेटीत त्या साखळीची एक कडी ‘आर.यू.’ अशा दोन अक्षरांत पडून आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता एक दुखरी गोष्ट. मागं एक तरुण पदवीधर माझ्याकडे पणजोबांचा कागद घेऊन आला आणि तो दाखवताना वरचा कोपरा अंगठ्याखाली झाकत होता. तिथं ‘जेम.’ लिहिलेलं. त्याला कुणी तरी सांगितलं होतं की जेम. म्हणजे जमादार. आणि जमादार म्हणजे आज शहरात काय, हे मी सांगायला नको. पोरगा शरमला होता. अरे वेड्या, जमादार हा व्हाइसरॉयच्या सनदेचा अधिकारी! व्ही.सी.ओ. म्हणतात तो हाच. शिपायानं ज्याला सलाम ठोकायचा तो. १९६५ साली भारतीय लष्करानं हे नाव बदलून नायब सुभेदार केलं, आणि जुना शब्द नगरपालिकेच्या झाडूवाल्यापुरता उरला. शब्दाचं हे असं घसरणं आपल्याच वाट्याला का येतं, याचा विचार ज्याचा त्यानं करावा. त्या पोरानं अंगठा उचलला आणि कोपऱ्याचाच फोटो काढला.

उलटंही घडतं. ‘एसपीआर’ म्हणजे सॅपर, पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा जवान. ‘एसडब्ल्यूपीआर’ म्हणजे स्वीपर. मध्ये फक्त एक ‘डब्ल्यू’. एका घरात तो ‘डब्ल्यू’ शाईचा डाग समजून फोटोखाली ‘सॅपर’ असं रंगवून घेतलेलं मी पाहिलं. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आज वाटतं.

कारण या विषयात खरी अडचण अक्षरं न कळण्याची नाही, कळल्यावर ती सोसण्याची आहे. ‘एन.सी.ई.’ हे पाहा. नॉन-कॉम्बॅटंट, एन्रोल्ड. लढाऊ नाही, पण भरती केलेला. पाणक्या, स्वयंपाकी, धोबी, झाडूवाला, खेचरं सांभाळणारा. ‘एन.सी.यू.’ म्हणजे तर भरतीही नाही, नुसता कामावर घेतलेला. त्याआधी यांना ‘फॉलोअर’ म्हणत, पलटणीच्या मागून चालणारे. महारांची शिपाई म्हणून भरती बंद केल्यावर आपली किती माणसं या मागच्या दारानं त्याच लष्करात गेली! आणि गोळी काही रकाना बघून येत नाही. पहिल्या महायुद्धात ‘ब्रिटिश वॉर मेडल’ दिलं गेलं ते शिपायाला चांदीचं आणि मजूर पथकातल्या माणसाला किंवा फॉलोअरला ब्राँझचं. राजाचा मुखवटा तोच, घोडेस्वार तोच, धातू वेगळा. पदकातसुद्धा पंगत वेगळी बसवली.

तुमच्या घरात तांबूस रंगाचं पदक असेल तर ते फेकू नका. चांदीची पदकं सराफाकडे गेली, वितळली. ब्राँझला भाव नव्हता म्हणून ती कुठे कुठे टिकली. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. भिंग घेऊन, पदक उजेडात तिरपं धरून वाचा. त्यात फॉलोअर निघाला तर फॉलोअर म्हणून सांगा. सगळ्यांचेच आजे सुभेदार नव्हते. ज्यानं बसऱ्याच्या उन्हात पखाल वाहिली त्याला खोट्या फिती लावून मोठा करणं म्हणजे त्याच्या पखालीला आपणही कमी लेखणं.

हीच गोष्ट भीमा कोरेगावची. दरवर्षी १ जानेवारीला आपण नेवाशाहून गाड्या भरून नगर-पुणे रस्त्यानं जातो, स्तंभाला मानवंदना देतो. किती जण त्या दगडावरची नावं वाचतात? १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथं कोरलेली आहेत, आणि त्यात बावीस नावं ‘नाक’ या शेवटाची आहेत. हे ‘नाक’ म्हणजे त्या काळच्या महाराच्या नावाची ओळख. बापाच्या नावालाही तेच शेपूट, मुलाच्याही. आता गंमत बघा, लष्करी कागदात ‘एनके’ म्हणजे नाईक, हा हुद्दा. आणि नावाचा शेवट ‘नाक’, तोही इंग्रजीत कधी ‘एनएके’, कधी ‘एनएसी’. जुन्या यादीतलं नाव उतरवताना कुणी शेवटची अक्षरं तोडून हुद्दा समजला की एका फटक्यात माणसाला बढती मिळते आणि त्याची जात पुसली जाते. मी एका चांगल्या शिकलेल्या वक्त्याला स्टेजवरून सांगताना ऐकलं की कोरेगावला पडलेले आपले सगळेच नाईक हुद्द्याचे होते! टाळ्या पडल्या. त्याच दगडावर मराठ्यांची, मुसलमानांची नावंही आहेत, तीही वाचावीत. आपल्या माणसांचा पराक्रम बावीस नावांनी पुरेसा उभा राहतो, त्याला पदरची भर लागत नाही.

ती पलटण पुढे कुठं गेली हे शोधायचं तर आणखी एक भूलभुलैया. कोरेगावला लढली ती ‘२/१ बॉम्बे एन.आय.’, म्हणजे बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. १८२४ साली ती दुसरी रेजिमेंट झाली, पुढे ग्रेनेडियर्स. १९०३ मध्ये किचनेरनं सगळ्या हिंदी पलटणींचे आकडे नव्यानं लावले तेव्हा मुंबईकडच्या जुन्या पलटणींच्या आकड्यांत साधारण शंभर मिळवले गेले, आणि दुसरीची १०२ झाली. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना, तेव्हा ती ‘२/४ बॉम्बे ग्रेनेडियर्स’. एकच पलटण, चार नावं, चार आकडे. वरची ‘२/१’ आणि खालची ‘२/४’ पाहून लोक त्याला अपूर्णांक समजतात. भागाकार नाही तो, बटालियन आणि रेजिमेंट आहे. पणजोबा १०२ मध्ये, खापरपणजोबा दोनमध्ये असे कागद निघाले तर दोघं एकाच पलटणीचे असू शकतात.

आणि १११? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली इंग्रजांना महार आठवले आणि ‘१११ महार’ उभी राहिली. युद्ध संपलं, गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली. म्हणून १९२२ च्या नव्या यादीत १११ चा वारस शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कारकुनाची चूक नाही ती. चार वर्षांत आपल्याला घरी पाठवलं होतं.

त्याआधीही एकदा पाठवलं होतं. कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची संख्या मोठी होती. पण लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं नवं शास्त्र निघालं आणि १८९२-९३ च्या सुमारास आपली भरती बंद झाली. ज्यांच्या आज्यांची नावं लढाईच्या दगडावर, ते म्हणे लढाऊ नाहीत! निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पाठवला. आपली चळवळ अर्जानं सुरू झाली आणि तो अर्ज पलटणीसाठी होता, ही गोष्ट नव्या पिढीनं विसरू नये. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न तिथं लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. त्या बटालियनच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या दुसरीत आमच्या या प्रवराकाठच्या आज्यानं अंगठा न देता सही केली.

आता ज्या कामासाठी नातवानं मला खरं तर बोलावलं होतं, तिकडे येतो. त्याच्या मुलीला जात पडताळणीचा दाखला हवा होता, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते, आणि तिच्या आधीचा कागद दाखवला तर तो सगळ्यात भक्कम. पण आधीचा कागद आणायचा कुठून? पणजा शाळेतच गेला नाही, तर त्याचा शाळेचा दाखला कसा निघणार? जमीन नव्हती, तर सातबारा कुठला? ज्या व्यवस्थेनं शाळेत घेतलं नाही ती आज शाळेचा दाखला मागते, हा विनोद आपल्या लोकांनी किती वर्षं सोसायचा? या घरात १९५० च्या आधीचा सरकारी कागद एकच, पणज्याचं डिस्चार्ज सर्टिफिकेट.

त्यात ‘क्लास’ असा रकाना असतो. क्लास म्हणजे इयत्ता नव्हे, दर्जाही नव्हे. इंग्रज लष्करात क्लास म्हणजे जात-जमात. तिथं कारकुनानं आखूड लिहून ठेवलं होतं, ‘मह.’, इंग्रजीत एम-ए-एच. एका कार्यालयात हा कागद दाखवला तर टेबलामागचा माणूस म्हणाला, “हे मराठाही असू शकतं.” राग येईल, पण त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. जुन्या इंग्रजीत मराठा हा शब्द ‘महरट्टा’ असा लिहीत, ‘१०३ महरट्टा लाइट इन्फंट्री’ असं पलटणीचं नावच होतं. तीन अक्षरांवर तोडलं की महार आणि महरट्टा एकसारखेच दिसतात. गावात ज्यांच्या सावलीत हात-हात अंतर ठेवलं जाई, त्यांना इंग्रजाच्या कारकुनानं एका टिंबात एकत्र आणून ठेवलं!

मी दोन गोष्टी दाखवल्या. एक तर तुकडी ‘२ महार’. त्या काळात ही रेजिमेंट महारांसाठीच भरती केलेली होती, इतर समाज तिच्यात आले ते १९४६ ला मशिनगन रेजिमेंट झाल्यावर. पण पडताळणीत असा तर्क चालेलच असं नाही, त्यांना अक्षर लागतं. म्हणून पे-बुक पानोपान उघडलं. घाम, तेल आणि बर्माचा पाऊस यांनी पानं चिकटली होती. चाकूचं पातं नव्हे, पोस्टकार्ड सरकवून ती सोडवली. आतल्या पानावर दुसऱ्या कुणाच्या हातानं, दुसऱ्या शाईत, पूर्ण पाच अक्षरी इंग्रजी शब्द: महार. खाली गाव, तालुका नेवासा, जिल्हा ए’नगर, भरतीची तारीख. नातू उठून बाहेर अंगणात गेला आणि थोड्या वेळानं आला.

अर्जाला दोन्ही पानांच्या साक्षांकित प्रती जोडल्या, सोबत संक्षेपांचा खुलासा एका कागदावर लिहून दिला. निकाल यायचा आहे.

वाचकहो, हे पे-बुक चुलीत गेलं असतं तर? सैन्याच्या नियमानुसार ज्याला पेन्शन नाही अशा जवानाचे मूळ सेवाकागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. १९४६ ला चार वर्षांच्या नोकरीनंतर घरी आलेल्या माणसाला पेन्शन नव्हतं, हातावर ग्रॅच्युइटी ठेवली आणि रेल्वेचा पास. त्याची फाईल केव्हाच गेली. रेकॉर्ड ऑफिसात उरतो तो ‘लाँग रोल’, ज्यात नंबर, नाव, भरती आणि सुटका एवढी एक ओळ असते. म्हणजे तुमच्या घरातल्या पेटीत आहे ती प्रत नव्हे, तोच मूळ दस्तऐवज. आपण मात्र घर सारवताना, नवं घर बांधताना पेटी भंगारात देतो.

काही जण उत्साहानं लंडनला पत्रं लिहितात. तिथं हिंदी शिपायाच्या फायली नाहीत. आणि गोऱ्या सोजिरांच्या पहिल्या महायुद्धाच्या फायलींतला मोठा भाग १९४० साली जर्मन बाँबहल्ल्यात जळाला. तुमचं पत्र देशातच जायला हवं. महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशात सागर, ग्रेनेडियर्ससाठी जबलपूर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. ‘आय.ए.एम.सी.’ म्हणजे वैद्यकीय पथक, त्याचं लखनौ. ‘आर.आय.ए.एस.सी.’ म्हणजे पुरवठा-वाहतूक, आणि ‘आय.पी.सी.’ म्हणजे पायोनियर, दोन्हींसाठी बंगळुरू. आय.पी.सी. पाहून पीनल कोड समजू नका, आजा गुन्हेगार नव्हता! अर्ज नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर बरं. नंबर मात्र अचूक लिहा. पलटणीत माणूस नावानं नव्हे, नंबरानं सापडतो.

परदेशात मेलेल्यांची गोष्ट याहून कठीण. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिकांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली, हिंदी लोकांत मात्र अधिकाऱ्यांचीच. बाकीच्यांचा पलटणीवार आकडा, ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’ असा. ज्यांनी हे स्मारक बांधलं त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेद कबूल केला आणि माफी मागितली. किमान १ लाख १६ हजार माणसं, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावानं नोंदलीच गेली नाहीत, असं त्यांचंच म्हणणं. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते, ‘या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतके मेले’. आकडाच. नाव नाही, वाडा नाही, वाडी नाही. पंजाबची मंडळी नशीबवान, त्यांच्या तीन लाखांवर लोकांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात टिकली आणि आता संगणकावर आली आहेत. आपली रजिस्टरं म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांच्या पेट्या. म्हणून एवढंच करा. कागद लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकमध्ये तो आतून जळतो आणि पुन्हा सुटत नाही. सेलोटेप लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची कोरी बाजूसुद्धा, कारण तिथंच शिक्का असतो. आणि म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून वाचा, तिच्याशिवाय अर्धं कळत नाही.

मला ते त्या दिवशीच कळलं. कागद गुंडाळायला घेतले तेव्हा पे-बुकात एक ओळ राहिली होती. ‘एन.ओ.के.’, नेक्स्ट ऑफ किन, जवळचा वारस. तिथं आधी ‘फादर’ लिहून पुढे सासऱ्याचं नाव होतं. त्यावर एक आडवी रेघ, आणि वर ‘वाइफ’. पुढे आजीचं नाव, इंग्रजीत थोडं चुकलेलं, आणि शेजारी ‘डी.ओ. पार्ट टू’ असं लिहून एक क्रमांक आणि १९४५ ची तारीख. पलटणीत लग्न, मूल, रजा, शिक्षा, सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून निघतं, त्याशिवाय खरं धरत नाहीत.

“आजी, तुमच्या लग्नाची नोंद आहे इथं. रजेवर येऊन लग्न केलं, परत गेल्यावर त्यांनी कळवलं. लग्नाची तारीखपण लिहिलीय.”

“माझं नाव हाय? सरकारी कागदावर?”

“हो. मनिऑर्डर यायची ना? ती याच्यावरच यायची.”

“यायची. पोस्टमन रुपयं टाकायचा, वरून. हातात नाय द्यायचा.” ती जरा थांबली. “कंची तारीख म्हणला?”

मी सांगितली. तिनं नातवाला ती कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायला लावली आणि मला म्हणाली, “आता पुन्यांदा वाच बरं, पयल्यापासनं.”